अडत दुकानातला सर्व्हर: चालू होतानाची फाइल सिस्टिम तपासणी, कामाच्या नोंदी

४ मार्च २०२५

सांगली मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान. सौदे जोरात सुरू झालेत, त्यामुळं दिवसा संगणकाला हात लावायची सोय नाही. आज संध्याकाळी काटा बंद झाल्यावर पाहणी केली.

सर्व्हर म्हणजे माळ्याखालच्या फळीवर ठेवलेला एक जुना डेस्कटॉप. त्यात डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. छोट्या एसएसडीवर रूट, म्हणजे खुद्द प्रणालीची फाइल सिस्टिम (फाइली डिस्कवर मांडून ठेवायची रचना), आणि १ टीबीच्या फिरत्या डिस्कवर डेटा. त्या डेटात पट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या), काट्याच्या नोंदी आणि मागच्या काही वर्षांचे हिशोब. काउंटरवरचे संगणक हे सगळं सांबा या फाइल-शेअरिंग प्रोग्राममधून उघडतात. बॅकअपसाठी यूएसबी डिस्क आहे, ती दुकानमालक अण्णांच्या ड्रॉवरमध्ये असते. कॅबिनेट उघडलं तर पंखा, हीटसिंक, रॅमच्या फटी, सगळं पिवळं. ब्लोअर मारला तशी अंगावर हळद उडाली.

दिवाणजींची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "सकाळी बटण दाबलं की काळा पडदा. दीड-दोन मिनिटं नुसतं लाल चांदणं पळतंय. मग पासवर्ड मागतंय. मग मी ती डिस्क खोचतो आन् परत बंद-चालू करतो."

यात डिस्क बिघडल्याचं काही नाही. यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये (चालू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) कायमची लिहिलेली आहे. ती जागेवर नसली की सिस्टमडी (मशीन उठवणारा प्रोग्राम) तिची ९० सेकंद वाट पाहतं, ती आली नाही की स्थानिक फाइल सिस्टिमी पूर्ण झाल्या नाहीत असं धरतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन उभं करतं. लाल चांदणं म्हणजे त्या वाट पाहण्याची सरकती खूण. दिवाणजींनी डिस्क खोचायचा उपाय स्वतःच शोधून काढला होता आणि तो बरोबरही होता.

अण्णांची मागणी एकाच ओळीची आहे: "चालू केला की चालू झाला पाहिजे, तिथं बसून कुणी इंग्रजी वाचणार नाही." कामाची व्याख्या हीच धरतोय.

५ मार्च

घरून एसएसएचने (दुरून मशीनवर काम करायची सोय) आत गेलो. एफएसटॅबमधली डेटाची ओळ जशी सापडली तशी:

यूयूआयडी=… /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोबॅरिअर ० ०

शेवटचे दोन आकडे बघायचे. पाचवा रकाना डम्प नावाच्या जुन्या बॅकअप प्रोग्रामचा, तो आता कुणी वापरत नाही. सहावा रकाना चालू होतानाच्या तपासणीचा. रूटसाठी १, बाकीच्यांसाठी २, आणि ० म्हणजे या फाइल सिस्टिमकडे एफएससीकेने, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामने, ढुंकूनही पाहायचं नाही. २ लिहिलेल्या फाइल सिस्टिमी वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर एकाच वेळी तपासल्या जातात, एकाच डिस्कवर असतील तर एकामागून एक.

म्हणजे ही डेटा डिस्क बसवल्यापासून एकदाही तपासली गेलेली नाही. ट्यून२एफएसने सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची स्वतःविषयीची मुख्य नोंद) वाचला तर शेवटच्या तपासणीची तारीख २०२१ मधली, फाइल सिस्टिम बनवली त्याच दिवसाची. अवस्थेच्या पुढे 'क्लीन विथ एरर्स'. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये रोज सकाळी तीच ताकीद: चुका असलेली फाइल सिस्टिम माउंट करतोय (वापरायला जोडतोय), ई२एफएससीके (ईएक्सटी४चा एफएससीके) चालवा. त्याशिवाय माउंट झाल्यावर पाचेक मिनिटांनी, मागच्या तपासणीनंतर किती चुका दिसल्या त्याचा आकडा. कर्नल रोज ओरडत होता आणि तो लॉग उघडणारं दुकानात कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट नोबॅरिअर. हा शब्द तिथं वेगासाठी घातला गेला असणार. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची आगाऊ वही) एका क्रमाच्या भरवशावर चालतं: बदल आधी जर्नलमध्ये लिहायचे, ते खरोखर डिस्कवर उतरले की मग 'झालं' अशी खूण लिहायची. डिस्कच्या पोटात स्वतःचा कॅश असतो आणि डिस्क आपल्या सोयीने लिखाणाचा क्रम बदलते. बॅरिअर म्हणजे त्या जागी कॅश रिकामा करायला लावणारा हुकूम. तो काढला की खूण आधी आणि मजकूर नंतर असं होऊ शकतं. नेमकी तेव्हाच वीज गेली तर जर्नल खोटं बोलतं, आणि पुढच्या वेळी ते खोटंच प्रामाणिकपणे परत लावलं जातं. यूपीएसची बॅटरी फुगलेली आहे, वीज गेली की सर्व्हर त्याच क्षणी बंद. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर चुका साठल्या नसत्या तरच नवल.

९ मार्च, रविवार

दुकान बंद, दिवस मोकळा.

दुरुस्तीआधी दोन गोष्टी केल्या. पहिली, स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत पाहिली. रिअलोकेटेड (बदली जागा दिलेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (वाचता न येणारे) सेक्टर शून्य. पेंडिंगचा आकडा वाढत असता तर आज एफएससीके चालवलाच नसता. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती करणं म्हणजे तिच्यावर आणखी लिहिणं, आणि तिथं उरलंसुरलंही जातं. दुसरी, सगळी डिस्क डीडीरेस्क्यूने नव्या डिस्कवर उतरवून घेतली. सकाळी लावलेलं जेवणाच्या आसपास संपलं.

मग सांबा बंद केलं, /डेटा अनमाउंट केलं. चालू असलेल्या, लिहिता येणाऱ्या फाइल सिस्टिमवर एफएससीके चालवायचा नसतो. कर्नलच्या डोक्यात एक चित्र असतं आणि एफएससीके खाली डिस्कवर दुसरंच बदलत जातो, त्यात चांगली फाइल सिस्टिमही मोडते. चालू होताना तपासणी का करतात, तर रूट अजून कुणी लिहायला घेतलेला नसतो आणि डेटा माउंटच झालेला नसतो. ती वेळ त्या कामासाठीच चांगली.

आधी 'वजा एन'ने, म्हणजे काही न बदलता नुसतं वाचत. यादी लांब निघाली. मग 'वजा एफ'ने खरी तपासणी. 'वजा झेड'ने पूर्ववत करता येईल अशी फाइलही बाजूला ठेवली.

पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड (नाव सोडून फाइलची बाकी माहिती धरणारी नोंद) तपासला जातो: त्याचा आकार, त्याचे ब्लॉक, आणि एकच ब्लॉक दोघांनी बळकावलाय का. दुसऱ्या फेरीत डिरेक्टरींतल्या नोंदी. तिसरीत प्रत्येक डिरेक्टरीपर्यंत मुळापासून वाट आहे का. चौथीत प्रत्येक आयनोडला किती नावं जोडलेली आहेत त्याची मोजदाद. पाचवीत रिकाम्या-भरल्या ब्लॉकांचा नकाशा प्रत्यक्षाशी ताडून पाहणं. आपल्याकडं पहिल्या फेरीत तुटलेल्या ऑर्फन यादीतले (हटवलेल्या पण अजून मोकळ्या न झालेल्या फाइलींच्या यादीतले) आयनोड निघाले, दुसरीत हटवलेल्या आयनोडकडं बोट दाखवणाऱ्या नोंदी, चौथीत कुठंच न जोडलेले आयनोड, आणि पाचवीत रिकाम्या ब्लॉकांचे आकडे चुकलेले. पाचव्या फेरीतल्या चुका दिसायला सगळ्यात जास्त असतात आणि महत्त्वाला सगळ्यात कमी. ते नकाशे नव्यानं मोजून लिहिता येतात. दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत जे निघतं ते माणसानं बघायचं असतं.

दुसऱ्या फेरीतल्या त्या नोंदींना नाव होतं, खाली मजकूर नव्हता. चौथीतल्या आयनोडांना मजकूर होता, नाव नव्हतं. असे आयनोड लॉस्ट+फाउंड नावाच्या डिरेक्टरीत येऊन पडतात, '#' आणि पुढं आयनोडचा क्रमांक एवढंच नाव घेऊन. ही डिरेक्टरी फाइल सिस्टिम बनवतानाच तयार केलेली असते आणि तिच्यासाठी जागाही आधीच राखून ठेवतात. मोडक्या फाइल सिस्टिमवर ऐनवेळी नवी जागा शोधत बसायला नको म्हणून.

तिथं पडलेल्या फाइली 'फाइल' कमांडने ओळखल्या. बहुतेक पीडीएफ. एक उघडली: २०२३ मधली पट्टी, वर दुकानाचा शिक्का, मग राजापुरी हळद, पोत्यांची संख्या, क्विंटलचा दर, हमाली आणि तोलाई वजा जाता शेतकऱ्याला दिलेली रक्कम, कोपऱ्यात पट्टी क्रमांक. तो क्रमांकच कामाला आला. दुसऱ्या फेरीत ज्या नोंदी पुसल्या त्यांची नावं पट्टी क्रमांकावरूनच दिलेली होती. दिवाणजींना फोन लावला, त्यांनी कागदी वहीतून क्रमांक सांगितले, आणि बेवारस मजकुराला त्याची नावं परत लावली. दोन पट्ट्या मात्र कुठंच सापडल्या नाहीत. त्यांच्या कार्बन प्रती दप्तरात होत्या, दिवाणजी टाइप करून घेणार आहेत.

दुसऱ्यांदा 'वजा एफ'. पाचही फेऱ्या स्वच्छ.

११ मार्च

एफएसटॅबची नवी मांडणी. डेटाच्या ओळीतून नोबॅरिअर काढलं, शेवटी २ लिहिलं. यूएसबी डिस्क 'नोऑटो' केली: चालू होताना तिचा विषयच नको. बॅकअपची स्क्रिप्ट ती डिस्क स्वतः तपासेल, माउंट करेल, कॉपी झाली की काढून टाकेल.

खरा विचार डेटाच्या ओळीत 'नोफेल' (ही डिस्क जोडली गेली नाही तरी पुढं जा) घालायचं की नाही याचा. न घातलं तर डेटाची तपासणी अडली की अख्खं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, नेटवर्क नाही, मला घरून आत शिरता येणार नाही, काउंटरवर पुन्हा काळा पडदा. त्यात रूट खात्याला (प्रशासकाच्या खात्याला) पासवर्ड दिलेला नसेल तर डेबियन तिथंही आत घेत नाही, खातं कुलूपबंद आहे एवढं सांगून थांबतं. घातलं तर मशीन उठतं, पण /डेटा रिकामं राहतं. आणि हा धोका जास्त वाईट आहे: सांबा सुरू होणार, काउंटरला रिकामी फोल्डर दिसणार, हिशोबाचा प्रोग्राम म्हणणार नवी सुरुवात दिसतेय आणि रूटच्या एसएसडीवर नव्या फाइली पाडणार. दुपारपर्यंत दोन ठिकाणी दोन हिशोब.

म्हणून नोफेल घातलं, पण दोन अडसर लावून. सांबाच्या सर्व्हिसला सांगितलं की /डेटा माउंट झालेलं असल्याशिवाय सुरू व्हायचं नाही (सिस्टमडीत त्यासाठी 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ही ओळ आहे). आणि डिस्क काढलेली असताना जी रिकामी डिरेक्टरी उरते तिच्यावर सीएचअ‍ॅटरने 'आय' चिन्ह लावलं, म्हणजे रूट खात्यालाही तिथं फाइल करता येणार नाही. वरून माउंट करायला मात्र अडचण येत नाही.

आता डेटा अडला तर मशीन उठेल, एसएसएच चालेल, काउंटरला शेअर दिसणार नाही, आणि कुणी कुठं चुकीच्या जागी लिहू शकणार नाही. अण्णांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दुकान उघडंय पण तिजोरीची किल्ली तुझ्याकडं." जवळपास तसंच.

१३ मार्च

आज सकाळीच फोन. सर्व्हर चालू आहे, शेअर नाही. कालपर्यंत ठीक होतं.

एसएसएचने आत जाऊन डेटाच्या एफएससीके सर्व्हिसचं स्टेटस पाहिलं. सुपरब्लॉकमधली शेवटच्या लिखाणाची वेळ भविष्यातली आहे, अनपेक्षित विसंगती, एफएससीके हाताने चालवा. एक्झिट कोड ४, म्हणजे चुका दुरुस्त न करता सोडल्या. (१ म्हणजे दुरुस्त केल्या, २ म्हणजे मशीन परत चालू करा, ८ म्हणजे एफएससीकेलाच काम करता आलं नाही. हे आकडे बेरजेने येतात.)

डिस्क ठणठणीत. घड्याळ चुकलेलं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलाय. दुकान बंद करताना दिवाणजी बोर्डाचा मेन स्विचच खाली ओढतात, आगीच्या भीतीनं, आणि त्यांचं बरोबर आहे. पण मग रात्रभर घड्याळ त्या सेलवरच जगतं. सेल मेला की बायोस सकाळी कुठल्या तरी जुन्या वर्षात उठतो. सिस्टमडीला आपण स्वतः बनलो त्याआधीची तारीख दिसते, ते पटत नाही म्हणून घड्याळ आपल्या बांधणीच्या तारखेपर्यंत पुढं ढकलतं. तरीही आजच्या तारखेच्या काही महिने मागंच. तेवढ्यात एफएससीके येतो आणि बघतो की डिस्कवर शेवटचं लिखाण 'पुढच्या' काळात झालंय. फरक एक दिवसाच्या आत असता तर त्यानं घड्याळाची गडबड समजून गुपचूप सुधारलं असतं. महिन्यांचा फरक असला की तो माणसाला विचारतो.

नुसतं 'वाय' दाबलं असतं तर आज उघडलं असतं. पण पुढं नेटवर्क आलं की घड्याळ बरोबर होतं, संध्याकाळी बंद होताना बरोबर वेळ डिस्कवर लिहिली जाते, रात्री मेन स्विच खाली, आणि उद्या सकाळी पुन्हा हेच.

रूट का अडला नाही, हा प्रश्न पडला. डेबियनमध्ये रूटची तपासणी इनिटरामएफएसमध्ये (रूट जोडायच्या आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या प्रणालीत) होते आणि तिथल्या ई२एफएससीकेला घड्याळावर भरवसा ठेवू नकोस असं आधीच सांगितलेलं असतं. तीच सूट ई२एफएससीकेच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'ब्रोकन सिस्टम क्लॉक' लिहून सगळ्यांना देता येते. दिली नाही. चुकीचं घड्याळ पट्टीवर चुकीची तारीख छापतं, ते अडून कळलेलंच बरं. दुकानातल्या पोराला पाठवून घड्याळवाल्याकडून सेल आणला, बसवला, बायोसमध्ये तारीख लावली.

मागचे आकडे ० ० होते तोवर हा सेल मेल्याचं कळायला वाटच नव्हती.

१६ मार्च, रविवार

सगळं अडवून बघायचा दिवस. दुकानाच्या डिस्कवर प्रयोग नकोत. जुन्या पेनड्राइव्हवर ईएक्सटी४ केली, एका डिरेक्टरीत फाइली टाकल्या, मग डीबगएफएसमध्ये 'सीएलआरआय' देऊन त्या डिरेक्टरीचा आयनोड कोरा केला आणि 'डर्टी' देऊन फाइल सिस्टिम अस्वच्छ म्हणून खूण केली. डेटाच्या जागी एफएसटॅबमध्ये तात्पुरता हा पेनड्राइव्ह.

मशीन चालू केलं. प्रीन पद्धतीने तपासणी सुरू झाली, पालक हरवलेल्या फाइली दिसल्या आणि तिथं थांबली. प्रीन म्हणजे ज्यात काही गमावायचं नाही तेवढंच आपणहून दुरुस्त करणं. निर्णय घ्यायची वेळ आली की ती हात काढते. माउंट झालं नाही, सांबा सुरू झालं नाही, एसएसएच मिळालं. रिकाम्या /डेटामध्ये फाइल करायला गेलो, नकार. हवं तसं.

मिरजेतल्या एका जाणकार मित्राचं म्हणणं पडलं की ग्रबमध्ये (मशीन उठताना कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'एफएससीके.रिपेअर=यस' कायमचं लावून टाक, प्रत्येक प्रश्नाला हो म्हणेल, तुला फोनच येणार नाही. रूटपुरतं मला चालेल. रूट उडाला तर संध्याकाळपर्यंत परत बसवतो. पण हे कर्नलला दिलेलं पॅरामीटर आहे, ते रूट आणि डेटा असा भेद करत नाही. ९ तारखेला दुसऱ्या फेरीतल्या नोंदींना डोळे मिटून हो म्हटलं असतं तर नावंही लिहून घेतली नसती, आणि मग लॉस्ट+फाउंडमधल्या पट्ट्या कुणाच्या हे वहीवरूनही लागलं नसतं. डीफॉल्ट प्रीनच ठेवलं.

२३ मार्च

'क्लीन' या शब्दाचा हिशोब अण्णांना आणि दिवाणजींना नीट सांगायला हवा होता, कारण आता रोज सकाळी तोच दिसणार. चालू होताना एफएससीके फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक उघडतो, तिथं नीट बंद झाल्याची खूण असली, चुकांची खूण नसली, की 'क्लीन' लिहून निघतो. सेकंदही लागत नाही. त्या पाच फेऱ्या होतच नाहीत. २०२१ पासूनच्या चुका अशाच आपोआप दिसल्या असत्या असं नाही. कर्नलला एकदा तरी चूक खुपावी लागते, तेव्हाच ती खूण पडते.

पूर्वी ठरावीक वेळा माउंट झालं किंवा १८० दिवस गेले की ईएक्सटीची पूर्ण तपासणी आपोआप व्हायची. २०११ च्या ई२एफएसप्रॉग्ज १.४२ पासून नव्या फाइल सिस्टिमवर ते बंद करून ठेवतात. आपल्या डिस्कवरही माउंटची कमाल मर्यादा उणे १ आहे. ट्यून२एफएसने ती परत लावता येते. मी लावली नाही. हे दुकान सर्व्हर रोज रात्री बंद करतं, म्हणजे ३० लावलं तर महिन्यातून एकदा, आणि ते नेमकं सौद्याच्या गर्दीच्या सकाळी येणार. लोक वाट बघतायत आणि पडद्यावर टक्के सरकतायत, असं झालं की कुणीतरी बटण दाबून बंद करतं.

त्याऐवजी ग्रबमध्ये वेगळी नोंद केली, 'एफएससीके.मोड=फोर्स' असलेली. शनिवारी संध्याकाळी मी घरून ग्रब-रीबूटने पुढच्या एका वेळेपुरती ती निवडतो आणि मशीन परत चालू करतो. पाचही फेऱ्या होतात, त्यानंतरच्या वेळी नेहमीची नोंद. हे महिन्यातून एकदा. त्या रात्री मेन स्विच खाली ओढायचा नाही, एवढंच दिवाणजींना सांगून ठेवलं.

६ एप्रिल

निकाल कुठं दिसावा? रूटचा निकाल इनिटरामएफएसच्या लॉगमध्ये /रन खाली पडतो आणि मशीन बंद झालं की जातो, डेटाचा जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये. दोन्ही ठिकाणी दिवाणजी जाणार नाहीत.

दुकानात पट्ट्या छापायचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. छोटी स्क्रिप्ट केली: मशीन उठलं की दोन्ही निकाल गोळा करून दोन ओळी त्यावर छापायच्या. तारीख, रूट, डेटा. डेटाची ओळ साधारण अशी येते: क्लीन, ४८२१३/६१०५४९७६ फाइली, आणि पुढं ब्लॉकांचा तसाच अपूर्णांक. रेघेच्या डावीकडं वापरलेले, उजवीकडं एकूण. साध्या मजकुरात तो प्रिंटर देवनागरी छापत नाही, म्हणून रोमनमध्येच.

दिवाणजींनी पहिल्याच दिवशी ती चिठ्ठी फाडून भिंतीवरच्या तारेत ओवली, हमालीच्या पावत्यांच्या वर. आता रोजची चिठ्ठी तिथं जाते. "आज फाइली कालच्यापेक्षा कमी हायत" असा फोनही एकदा आला. काउंटरवरच्या कुणीतरी जुनी फोल्डर हटवली होती. एफएससीकेच्या नजरेत ते निर्दोष, पण दिवाणजींच्या नजरेत नाही. बॅकअपमधून परत आणली.

२१ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच बसलाय. यूपीएसच्या बॅटऱ्या एप्रिलमध्ये बदलल्या, यूएसबी केबलने सर्व्हरला जोडून नट नावाचा प्रोग्राम लावला. वीज गेली आणि बॅटरी खाली आली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं. या महिन्यात ते बऱ्याचदा झालं आणि दरवेळी सकाळी 'क्लीन'.

काल मात्र पोती नेणाऱ्या हातगाडीच्या चाकात यूपीएस ते सर्व्हर ही वायरच अडकली. यूपीएस जिवंत, सर्व्हर बंद. परत लावल्यावर चिठ्ठीवर आलं: जर्नल परत लावतोय, एक ऑर्फन आयनोड मोकळा केला, क्लीन. ऑर्फन म्हणजे हिशोबाच्या प्रोग्रामची तात्पुरती फाइल. उघडी असतानाच ती हटवलेली होती, बंद होईपर्यंत तिची जागा धरून ठेवलेली. हे प्रीनच्या हक्कातलं काम, त्यानं केलं आणि पुढं गेला. बॅरिअर असल्याचा फरक इथं दिसतो.

वायर निघाली त्या क्षणी लिहीत असलेली पट्टी मात्र डिस्कवर नव्हती. जर्नल फाइल सिस्टिमचा सांगाडा सांभाळतं, शेवटच्या काही सेकंदांतला मजकूर सांभाळायचं वचन देत नाही, आणि एफएससीकेला तर पट्टी म्हणजे काय हेच माहीत नाही. कागदावर छापलेली होती, परत टाइप केली. वायर भिंतीला खिळ्यांनी पक्की करून घेतली.

८ जून

बॅकअप डिस्क आता अण्णांच्या ड्रॉवरमध्ये किंवा घरी ठेवायची नाही असं ठरलं. त्यांचं घर सांगलीच्या गावभागात, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्या घराचा तळमजला बुडाला होता. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. पावसाळाभर डिस्क मिरजेला अण्णांच्या मेहुण्यांकडं, आठवड्यातून एकदा दुकानात. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये कॉपीआधी त्या डिस्कवरही एफएससीके प्रीनने चालतो. तो ४ देऊन थांबला तर कॉपी होत नाही आणि मला मेसेज येतो.

२९ जून, रविवार

काल रात्रीच्या सक्तीच्या तपासणीत डेटाला सहा मिनिटं लागली, पाचही फेऱ्या स्वच्छ. स्मार्टचे आकडे मार्चमध्ये होते तेच.

९ मार्चला ज्या डिस्कवर प्रत उतरवली होती ती आता दुसरी डेटा डिस्क म्हणून वापरायची का, आणि वापरायची तर तिच्यावर एक्सएफएस करायची का, असं मिरजेच्या मित्रानं विचारलं. एक्सएफएस वाईट नाही. पण तिचा चालू होतानाचा एफएससीके हा रिकामा प्रोग्राम आहे: सक्ती केलेली नसेल तर काही न करता 'ठीक' म्हणून परत येतो, बीटीआरएफएसचाही तसाच. त्यांची दुरुस्ती वेगळ्या अवजारांनी, माणसानं हातानं करायची. इथली सगळी व्यवस्था, चिठ्ठी धरून, ई२एफएससीकेच्या निकालावर बांधलेली आहे. ईएक्सटी४च केली, ओळीत तेच: बॅरिअर शाबूत, नोफेल, शेवटी २.

सर्व्हरच्या कॅबिनेटवर कागद चिकटवला. चिठ्ठी आली नाही किंवा तिच्यावर क्लीन नसेल तर बंद-चालू करू नका, फोन करा. मेन स्विच ओढायला हरकत नाही, पण आधी सर्व्हर बंद करा. पंख्याची जाळी महिन्यातून एकदा झाडा. बिल अण्णांना दिलं. पुढची पाहणी दिवाळीच्या सुट्टीत, तेव्हा सेलची आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांची तपासणी सोबत.